भिंतीपलीकडची बाई

धुलाईखान्यात सगळे तिला घडी म्हणत. रिकामी झालेली पोतीसुद्धा ती झटकून, काठाला काठ जुळवून, घडी घालून ठेवायची. मळक्या कपड्यांच्या पोत्यांची घडी आजवर कोणी घातली नव्हती. पहिल्याच आठवड्यात भोंग्याने विचारलं होतं, "काय रे, पोत्यांना स्थळं सांगून आलीत की काय? एवढी नटवतोस ती?" तेव्हापासून नाव चिकटलं.

भोंगा तिचा जोडीदार. आवाज असा की मशीन चालू असतानाही त्याचं कुजबुजणं मुकादमाच्या खोलीपर्यंत जायचं.

इस्पितळाचा धुलाईखाना म्हणजे मधोमध एक भिंत आणि भिंतीत बसवलेली मोठी मशीनं. भिंतीच्या एका अंगाला मैली बाजू, दुसऱ्या अंगाला धुतली बाजू. प्रत्येक मशीनला दोन दारं, दोन्हीला गोल काचा. मैल्या बाजूने कपडे भरायचे, धुतल्या बाजूने काढायचे. दोन्ही दारं एका वेळी कधीच उघडत नाहीत. तिकडचं लागलं तरच इकडचं सुटतं. मैल्याचा वारासुद्धा धुतल्याला लागता कामा नये, म्हणून ही योजना. पोती ओढायची, रक्ताच्या, ओकारीच्या चादरी निवडायच्या, म्हणून इकडे पुरुष. वाळवायचं, इस्त्री करायची, घड्या घालायच्या, म्हणून तिकडे बायका. इकडचं माणूस तिकडे जाणार असेल तर मधल्या न्हाणीत आंघोळ करून, कपडे बदलून जायचं, हा नियम. तिकडे बायकाच कामाला, म्हणून न्हाणीही बायकांचीच होती.

घडी बाई होती. जन्माला आली तेव्हा मुलगा झाला म्हणून घरात आनंद झाला आणि त्या आनंदाचा हिशेब ती अजून चुकता करत होती. आपण कोण आहोत हे तिला फार लवकर कळलं. ते कळायला काही मोठं घडावं लागलं नाही. डाव्या हाताने जेवणाऱ्याला आपला हात कोणता हे जसं ठाऊक असतं, तसं. इतरांनी कितीदा उजव्या हातात घास दिला म्हणून हात बदलत नाही.

तिने एकदा आईला सांगितलं होतं. आई तेव्हा हिंडती-फिरती होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे माझ्याजवळ बोललास ते बोललास. दादाला कळू देऊ नको."

दादाला कळलं. घडीने घर सोडलं. दुसऱ्या गावात एका इस्त्रीच्या दुकानात ती बाई म्हणून राहिली. केस वाढवले, आपल्या मनाचे कपडे घातले. ते दिवस चांगले होते. दुकानदार हात बघून पगार द्यायचा, चेहरा बघून नाही. पण राहायला जागा हवी. घरमालकिणीने जागा दिली तेव्हा बारकाईने पाहिलं नव्हतं. पाहिलं त्या दिवशी ट्रंक दाराबाहेर ठेवली. "माझ्या घरात मुलीबाळी आहेत," म्हणाली. दुसऱ्या मालकाने भाडं दुप्पट सांगितलं, तिसऱ्याने दारच उघडलं नाही. ताप आला तेव्हा दवाखान्यात पुरुषांच्या रांगेतून तिला बायकांच्या रांगेत पाठवलं आणि बायकांच्या रांगेतून परत पुरुषांच्या. शेवटी ताप तसाच घेऊन ती घरी आली. दाराशी दादा उभा होता.

"राहायचं तर माणसासारखं राहायचं," तो म्हणाला.

केस गेले. पँट-शर्ट आला. मग आईने अंथरूण धरलं आणि दार आतून बंद झाल्यासारखं झालं. आईला उचलून कूस बदलायला, पुसायला, बसवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. वहिनीची ताकद पुरत नव्हती, दादाला शिसारी यायची. उचलताना आई तिच्या गळ्यात हात टाकायची आणि कानाशी म्हणायची, "मी गेल्यावर काय ते कर, बाळा." घडीला हे ऐकवत नसे. आपली सुटका आईच्या मरणाला बांधलेली असावी, हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

म्हणून धुलाईखाना. तिथे तिने एक गोष्ट आपल्यापुरती राखली होती. चादरी भरायची तिची पद्धत.

भोंगा चादरींचा गठ्ठा जसाच्या तसा उचलून मशीनच्या ढोलात कोंबायचा. बाकीचेही तसंच करत. गठ्ठा आत गेला की फिरून फिरून त्याचा दोर होतो. पलीकडे ज्या बायका तो ओढून काढतात, त्यांच्या कमरा त्यात जातात. लोकांना वाटतं मैली बाजू जड आणि धुतली हलकी. उलट आहे. कोरडी चादर इकडून जाते आणि पाणी पिऊन दुप्पट वजनाची होऊन तिकडे निघते. घडी एकेक चादर झटकून, मोकळी करून ढोलात सोडायची. वेळ जास्त लागायचा, म्हणून हात दुप्पट चालवायची. त्या झटकण्यात चमचे सापडत, सुया सापडत, एकदा दातांची अख्खी कवळी सापडली. भोंग्याने ती हातात धरून सबंध दिवस तिच्याशी गप्पा मारल्या होत्या.

ढोल भरला की दोनदा ठोकायचं. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून ही ठोकाठोकीची भाषा. इकडून दोन म्हणजे भरलं, चालू करतोय. तिकडून एक म्हणजे रिकामं झालं, भरा. तिकडून दोन म्हणजे थांबा, आत हात आहे. बाकीचे मुठीने ठोकत. घडी बोटांच्या पेरांनी ठोकायची, एक, मग जरा थांबून दुसरा.

आणि ढोल रिकामा असला की दोन्ही काचांमधून पलीकडचं थोडं दिसायचं. पांढरे झगे, टोप्या, घड्या घालायचं लांब टेबल. बायका दोघी-दोघी चादरीची टोकं धरून मागे सरत, जवळ येत, परत मागे सरत, आणि तोंडं सारखी चालू. काहीतरी होऊन सगळ्या एकदम हसायच्या. आवाज येत नसे, नुसतं हसणं दिसायचं. घडीने कित्येक वर्षं ते हसणं पाहिलं होतं.

एका सकाळी मुकादमाने सांगितलं, "धुतल्या बाजूची एक बाई सोडून गेली. कंबर गेली बिचारीची. कोणाच्या ओळखीत बाई असली तर सांगा."

घडीने दिवसभराचं काम उरकलं. सुट्टी झाली तशी हातपाय धुऊन ऑफिसात गेली. मॅडम नवीन होत्या, स्वभावाने बऱ्या होत्या.

"मॅडम, ती जागा मला हवी."

"पण ती बाईची जागा आहे."

"म्हणूनच."

मॅडमना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. एवढा मान घडीला ऑफिसात कधी मिळाला नव्हता, आणि त्याच मानाने ती सावध झाली.

"हे बघा, आमच्याकडे भेदभाव अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. मग जरा घुटमळून, "पण तुमचं... म्हणजे, ऑपरेशन वगैरे झालंय का?"

"चादरी उचलायला ते लागतं का मॅडम?"

मॅडम ओशाळल्या. "तसं नाही. बायकांना विचारावं लागेल. न्हाणीचा प्रश्न आहे ना."

बायकांना विचारलं गेलं. भिंत कितीही जाड असली तरी असल्या गोष्टीला कुठून फट मिळते देव जाणे. दुसऱ्या दिवशी भोंगा दारातच कमरेत वाकून उभा होता.

"या ताई, या! पाय सांभाळून हं. ओलं आहे."

बाकीचे हसले. घडीने पोतं ओढलं.

"अहो ताई, जड आहे ते! तुम्ही कशाला? आम्ही मेलो का इथे?"

"तू मेलास तर तुझं तोंड बंद व्हायला आणखी दोन दिवस जातील," घडी म्हणाली. हशा उलटला, पण तेवढ्यापुरताच. त्या दिवसापासून पुरुषांच्या न्हाणीत ती शिरली की शिट्टी वाजायची. ती घरी जाऊन आंघोळ करू लागली.

मग एके दिवशी मुकादम हसतमुखाने आला. "झालं तुझं काम! उद्यापासून तिकडे."

घडीच्या हातातलं पोतं खाली पडलं. "बायकांच्यात?"

"बायकांच्यात म्हणजे बायकांच्या बाजूला. उचलायला गडी म्हणून. मॅडमनी तोड काढली. आंघोळ आपल्याच न्हाणीत करायची, मग अंगणातून वळसा घालून मालाच्या दाराने आत जायचं. कपडे आपलेच, निळे. बायकांनाही पटलं, कमरा वाचतील म्हणतात. सगळ्यांची सोय झाली बघ."

सगळ्यांची सोय झाली होती. घडीने एक रात्र विचार केला. काचेतून दिसणारं टेबल तिच्या डोळ्यांसमोर होतं. एकदा पलीकडे पाऊल पडलं की पुढचं पुढे, असं तिने मनाला समजावलं. मालाच्या दाराने का होईना.

पलीकडे ऊब होती, साबणाचा आणि गरम कापडाचा वास होता. टेबल काचेतून दिसायचं त्याहून लांब होतं. तिथली मुख्य बाई म्हणजे थोरली. वयाने, अंगाने आणि अधिकाराने. एक हात सतत कमरेवर. तिची सून, जिला सगळ्या चिमणी म्हणत, तिच्याच हाताखाली कामाला होती.

घडी आत आली तेव्हा चिमणी काहीतरी सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या. तिला पाहिलं आणि सगळ्या गप्प झाल्या. कोणी टोपी सारखी केली, कोणी झग्याचं वरचं बटण लावलं.

"या भाऊ," थोरली म्हणाली.

दिवस असाच गेला. घडी ढोलातून ओली धुणी उपसायची, गाडीवर टाकायची, गाडी ढकलायची. मागे फिरली की बायकांचं बोलणं सुरू व्हायचं, जवळ आली की बंद पडायचं. ज्या हसण्यासाठी ती भिंत ओलांडून आली होती, ते तिच्या येण्यानेच विझत होतं. एकदा काम कमी होतं म्हणून तिने चादरीचं एक टोक हातात घेतलं. दुसरं टोक चिमणीच्या हातात होतं. चिमणीने सासूकडे पाहिलं.

"राहू द्या भाऊ," थोरली गडबडीने म्हणाली. "तुम्ही आपलं उचला. घड्या आम्ही घालू."

तिने टोक सोडलं. इथे कोणी वाईट वागत नव्हतं, पाणीसुद्धा आधी तिला देत. ज्या बाजूला तिला ताई म्हणत, तिथे टिंगल होती. ज्या बाजूला आदर होता, तिथे भाऊ.

आणि मग ती एक चूक करून बसली. तोवर दार लावून ठोका द्यायचं काम चिमणी करत होती; या खेपेला एक मशीन रिकामं करून घडीने स्वतःच दार लावलं आणि ठोकलं. पेरांनी, एक, मग जरा थांबून दुसरा. हाताला तीच सवय होती. पण आता ती भिंतीच्या उलट्या अंगाला होती. इथून दोन ठोके म्हणजे थांबा, आत हात आहे. मैल्या बाजूचं काम जागच्या जागी थांबलं. ती पुढच्या मशीनकडे गेली, ते रिकामं केलं, परत दोन. तेही थांबलं. थोड्या वेळाने मालाच्या दारातून भोंग्याचा आवाज आला, "अहो ताई! किती हात घातलेत आत? देवी आहात का?"

घडीने कपाळाला हात लावला आणि प्रत्येक मशीनवर एकेक ठोका देत सुटली. मागे वळली तर थोरली तिच्याकडे टक लावून बघत होती.

"परत ठोक," थोरली म्हणाली.

"चुकून झालं बाई. आता नाही होणार."

"अगं ठोक म्हणते ना. मघाशी ठोकलंस तसं."

थोरलीच्या तोंडून काय निघालं हे तिचं तिलाही कळलं नसावं. घडीने गाडीच्या दांडीवर पेरांनी ठोकलं. एक, मग दुसरा.

थोरलीने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. "ते तूच होय? इतकी वर्षं?"

"काय?"

"दोन ठोके असे हलके आले की चादरी मोकळ्या निघायच्या. ओढाव्याच लागायच्या नाहीत, हाताला येतील तशा. मुठीचे ठोके आले की समजायचं, आता गाठी. आम्ही आपसात म्हणायचो, पलीकडे एखादी बाई आहे. बाप्या कशाला दुसऱ्याच्या कमरेचा विचार करतोय! सकाळी पहिला ठोका आला की ही चिमणी ओरडायची, आज बाई आली हं." थोरलीने डोळे पुसले. "सुट्टीवर असलीस की म्हणायचो, बाईचं पोर आजारी असेल."

चिमणी चादर हातात धरून उभी राहिली होती.

घडी गाडी सोडून पुढे आली. "मग ती बाई इथेच उभी आहे की. एवढंच मॅडमसमोर सांगा. न्हाणीत मी सगळ्यांच्या नंतर जाईन, कडी लावून. एक झगा आणि टेबलाशी जागा, बाकी काही नको."

"सांगेन," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी ऑफिसात गेल्या. घडी दाराशी उभी राहिली. मॅडमनी थोरलीला विचारलं, "बोला, तुमचं काय म्हणणं?"

थोरलीचा हात कमरेवर होता. तिने एकदा घडीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. "काम चांगलं आहे त्याचं," ती म्हणाली. "माणूस सज्जन आहे. उचलायला असाच गडी पाहिजे."

"आणि न्हाणीचं?"

मॅडम थांबल्या. भिंतीपलीकडून मशीनची घरघर ऐकू येत होती.

"आहे तसंच राहू द्या," थोरली म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने घडीची बाही धरली. "काल रात्री घरी बोलून बघितलं मी. माझा मुलगा म्हणाला, असलं काही झालं तर चिमणी दुसऱ्या दिवसापासून घरी बसेल. आणि आई, तूसुद्धा, म्हणाला. कमावतो मी, म्हणाला. त्याची कमाई मला ठाऊक आहे, पण घर त्याचं आहे. मी एकटी काय करू? तूच सांग."

काय करता येतं आणि काय नाही, हे घडीला थोरलीपेक्षा चांगलं माहीत होतं. तिने बाही सोडवली आणि परत आत गेली.

"मॅडम, मला मैल्या बाजूला पाठवा."

"का? तुम्हालाच इकडे यायचं होतं ना?"

"गडी म्हणून नव्हतं यायचं."

मॅडमनी सुस्कारा सोडला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "बघा हं. आम्ही संधी दिली होती. तुम्हीच नको म्हणताय."

"हो. असंच म्हणा," घडी म्हणाली.

भोंग्याने स्वागत केलं. "माहेरी आल्या का ताई? चार दिवसांत नांदणं संपलं?" घडीने पहिलं पोतं ओढलं. त्याने आणखी एकदोनदा डिवचून पाहिलं, मग त्यालाही कंटाळा आला.

त्या दिवशी तिने चादरी झटकल्या नाहीत. भोंग्यासारखाच गठ्ठा उचलला, ढोलात कोंबला, गुडघ्याने दाबला, दार आपटलं. दोनदा मुठीने ठोकलं. पोटात जे होतं ते सगळं त्या मुठीत होतं. वर्षानुवर्षं दुप्पट राबून तिने पलीकडे जे पाठवलं, त्याची ओळख पटली आणि तरीही तिला गडीच ठरवलं. मग गड्यासारखंच करायचं. काय वाईट? हात निम्मे चालतात, वेळ उरतो.

धुणं झालं. पलीकडचं दार उघडलं. घडी काचेला नाक लावून उभी राहिली. आत चादरींचा जाड दोर वळला होता. थोरलीने त्याचं टोक धरलं, ओढलं, येईना. भिंतीला पाय लावला आणि परत ओढलं. चिमणी धावत आली आणि तिने मागून सासूच्या कमरेला विळखा घातला. दोघी मागे झुकल्या, तोंडं लाल झाली. दोर एकदम सुटला आणि थोरली चिमणीसकट खाली बसली.

घडीची मूठ काचेवर होती. ती आपोआप उघडली. संध्याकाळी आईला उचलताना कंबर कशी सांभाळायची, गुडघ्यात वाकून वजन मांडीवर कसं घ्यायचं, हे तिला शिकवायला कोणी नव्हतं. तीही अशीच कधीतरी खाली बसली होती, आईसकट.

पलीकडे थोरली चिमणीचा हात धरून उठली. मग तिने एक गोष्ट केली, जी तिने इतक्या वर्षांत केली नव्हती. कमरेवर हात दाबत ती खाली वाकली आणि रिकाम्या ढोलातून इकडे पाहिलं. तिचा चेहरा पलीकडच्या गोलात मावत नव्हता. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते काचेतून कळलं नाही. कदाचित शिवी असेल. कदाचित माफी असेल. चिमणी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने हात वर केला, पण तो पुरता हलण्याआधीच थोरली सरळ झाली आणि दार लागलं.

एक ठोका आला.

इकडचं दार खटकन सुटलं. घडीने पुढच्या पोत्याचं तोंड सोडलं, वरची चादर काढली, दोन्ही टोकं धरून झटकली. एक चमचा उडून फरशीवर वाजला. चादर मोकळी झाली तशी तिने ती ढोलात सोडली आणि दुसरी घेतली.

"झालं सुरू!" भोंगा मागून ओरडला. "अरे, कोणासाठी करतेस एवढं?"

घडी चादरी झटकत राहिली. ढोल भरला तेव्हा तिने दार लावलं, पेरांनी ठोकलं, एक, जरा थांबून दुसरा, आणि पाणी सुटलं. काचेवर फेस चढत गेला. पलीकडचं टेबल दिसेनासं होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग तिने रिकामं पोतं उचललं आणि त्याची घडी घातली.